सोडायला आधी ताटात असावे लागते



जिल्हा मेळाव्याच्या अंकात कापसाचा भाव, कर्ज आणि वीज सोडून ताटातल्या अन्नावर लिहायला घेतले, याचे काही भावांना नवल वाटेल. "हा बायकांचा विषय, तो बायकांच्या बैठकीत घ्या," असेही कोणी म्हणेल. तसे म्हणणाऱ्यांनी हा लेख आधी वाचावा.

यंदा संक्रांतीला माझी भाची पुण्याहून राळेगावला आली. संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. चहाचा कप पुढे केला तर म्हणाली, "मावशी, मला कोरा दे. मी दूध सोडलंय. व्हीगन झालेय."

माझ्या सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "काऊन व माय, उपास हाय काय?"

पोरीने नीट समजावून सांगितले. गाईला पुन्हा पुन्हा गाभण ठेवतात, वासराच्या तोंडचे दूध काढून घेतात, गोऱ्हा झाला तर त्याला कोणी विचारत नाही. म्हणून मांस, अंडी, दूध, तूप, मध, सगळे सोडले. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हे तं खरंच हाय. पन मी तं लगन होऊन आली तवापासून दूध तोंडाले लावलं नाही. मले तं कोनी व्हीगन म्हटलं नाही."

सगळे हसले. मीही हसले. रात्री मात्र मी हिशेब केला. आमच्या घरी दोन म्हशी होत्या. सकाळचे दूध स्टँडवरच्या हॉटेलात जायचे. संध्याकाळचे पोरांना, त्यातही आधी मुलांना आणि उरले तर मुलींना. मग पुरुषांचा चहा. सुनांच्या वाट्याला त्याच पत्तीला दुसऱ्यांदा उकळून काढलेले पाणी. म्हशींचे शेण सासूबाईंनी काढले, वैरण त्यांनी आणली, धार त्यांनी काढली, आणि दूध मात्र त्यांनी कधी प्यायले नाही. पुण्याच्या पोरीने सोडले ते व्रत झाले, राळेगावच्या बाईला मिळालेच नाही त्याला कोणी नावही दिले नाही. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे.

हा पंथ आहे तरी काय?

'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांना नुसता शाकाहार अपुरा वाटत होता. मांस सोडायचे आणि दूध-लोणी खायचे, हे त्यांना अर्धवट वाटले. प्राण्यापासून आलेले काहीच वापरायचे नाही असे त्यांनी ठरवले. अन्नात दूध, अंडी, मध नाही, आणि अंगावर कातडे, लोकर, रेशीमही नाही.

आपल्याकडे माळ घालणारा वारकरी मांस-मच्छी आणि दारू सोडतो, पण दूध-दही सोडत नाही. काल्यात दही नसेल तर तो काला कसला? तेव्हा हा पंथ आपल्या माळेपेक्षा वेगळा आहे. शहरात तो वाढतो आहे. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली या अन्नासाठी स्वतंत्र नियम केले आणि पाकिटावर छापायची खूणही ठरवून दिली.

युरोप-अमेरिकेतल्या पाहण्यांत या पंथात पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त दिसतात. कारण विचारले तर स्त्रिया बहुधा प्राण्यांविषयीचा कळवळा सांगतात. काही विदुषी तर म्हणतात की गाय ही बाईच आहे, तिच्या गर्भाशयाचा आणि दुधाचा मालक दुसराच कोणी आहे, म्हणून बाईने तिची बाजू घेतली पाहिजे. कॅरोल अॅडम्स या अमेरिकन लेखिकेने मांस आणि पुरुषी सत्ता यांचे नाते दाखवणारे पुस्तक १९९० सालीच लिहिले. या मांडणीची टिंगल करू नका. गोठ्यात आयुष्य काढलेल्या बाईला ती चटकन समजते. माझ्या सासूबाईंना एका वाक्यात समजली. पण आपल्याकडची बाई का सोडते, हा प्रश्न विचारला की उत्तर वेगळे येते.

एकाच घरातले दोन ताट

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९-२१ ची आकडेवारी पाहा. १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी सुमारे ८३ टक्के कधी ना कधी मांस-मासे खातात. त्याच वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ७१ टक्के. कधीच न खाणारे पुरुष शेकडा १७ आणि स्त्रिया शेकडा २९.

हे स्त्री-पुरुष काही वेगवेगळ्या देशांतले नाहीत. एकाच जातीचे, एकाच धर्माचे, बहुतेक एकाच छपराखालचे आहेत. मग हा फरक आला कोठून? बायकांना जन्मतःच प्राण्यांची दया जास्त असते म्हणून? मला तसे वाटत नाही. आपल्या गावात काय चालते ते आठवा. पुरुष वावरात चूल मांडून मटण शिजवतो, नाहीतर रस्त्यावरच्या ढाब्यावर खाऊन येतो. घरातली बाई सोमवार धरते, गुरुवार धरते, एकादशी धरते, श्रावण पाळते. नवऱ्याच्या आयुष्यासाठी उपास तिचा, मुलाच्या परीक्षेसाठी नवस तिचा, घरावर साडेसाती आली तर मीठ तिने सोडायचे. घराचा धर्म बाईने पाळायचा आणि चव पुरुषाने घ्यायची, अशी ही वाटणी आहे. ज्या घरात मटण घरीच शिजते, तिथे बाई शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला रस्सा येतो.

त्याच पाहणीत पुढचा आकडा आहे. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आहे. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. पाळी आणि बाळंतपण हे एक कारण आहेच. पण ज्या अंगातून रक्त जाते त्याच अंगाला घरातले सगळ्यात निकस अन्न द्यायचे, हा निसर्गाचा नियम नाही. तो घराचा नियम आहे आणि घराला तो बदलता येतो.

आणखी एक गोष्ट. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व झाडापाल्यातून मिळत नाही. ते मांस, अंडी आणि दुधातूनच मिळते. शहरातला व्हीगन माणूस हे जाणतो आणि गोळी घेतो. ज्या बाईने सोडायचे ठरवलेच नव्हते तिला कोण गोळी देणार? तिच्या हातापायाला मुंग्या येतात आणि आपण म्हणतो, वय झाले.

नदीपलीकडची साक्ष

आपल्या तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा, आणि तिथे सेवाग्राम. सेवाग्रामला गेलेल्या प्रत्येकाला गांधीजींचे शेळीचे दूध माहीत असते. त्या दुधामागची गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते, आणि ती कस्तुरबांची गोष्ट आहे.

गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. त्यांची कारणे दोन होती. दुधाने विकार वाढतात, ब्रह्मचर्याला ते बाधक आहे, हे पहिले. कलकत्त्याच्या गवळ्यांनी गाई-म्हशींवर चालवलेल्या क्रूर प्रकारांची माहिती त्यांना मिळाली, हे दुसरे. म्हणजे आज व्हीगन लोक जे सांगतात त्यातले एक कारण त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितले होते. पुढे १९१८ साली ते मरणाच्या दारी पोचले. डॉक्टर म्हणाले, दूध घेतल्याशिवाय शरीर भरणार नाही. गांधीजी म्हणाले, माझे व्रत आहे. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी वाट काढली. व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? गांधीजींनी ते मानले. आपण व्रताचा शब्द पाळला आणि आत्मा घालवला, ही कबुली त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच दिली आहे.

यावरून कोणी म्हणेल, बघा, बाई व्यवहारी आणि पुरुष तत्त्वाचा. थांबा. त्याच आत्मचरित्रात दुसरी हकिकत आहे. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांवर शस्त्रक्रिया झाली. अंगात त्राण उरले नव्हते. डॉक्टरने गोमांसाचा रस्सा घेण्याचा आग्रह धरला. गांधीजींनी निर्णय त्यांच्यावर सोपवला. त्या माउलीने साफ नकार दिला. मेले तरी चालेल, पण हे घेणार नाही. तशा अवस्थेत त्यांना फिनिक्सच्या आश्रमात हलवावे लागले. पुढे गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळ सोडायला सांगितले तेव्हा त्याच बाई म्हणाल्या की हे तुम्हालाही सोडवणार नाही. झाले, गांधीजींनी स्वतःच एक वर्ष दोन्ही सोडले.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. बाईला सोडता येते, जिवावर उदार होऊन सोडता येते. आणि नको असेल तिथे तिला नाहीही म्हणता येते. तिला कोणी विचारले तर. कस्तुरबांना विचारले गेले. आपल्या घरात किती बायकांना विचारले जाते?

रावेरीची सीता

नदीपलीकडे तरी कशाला जायचे? आपल्याच तालुक्यात रावेरी आहे. तिथे सीतेचे देऊळ आहे. शेजारी राम नाही, सीता एकटी. लोक सांगतात की रामाने टाकलेली गरोदर सीता इथे आली आणि इथेच बाळंत झाली. तिने गावात पसाभर गहू मागितला. गावाने दिला नाही. तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही, आणि संकरित वाण येईपर्यंत तो पिकला नाही, असे म्हातारे सांगत आले. शरद जोशींनी या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला तो उगाच नव्हता. टाकून दिलेल्या बाईचे ते देऊळ आहे.

मी त्या गोष्टीकडे अन्नाची गोष्ट म्हणून पाहते. बाळंतीण बाई पसाभर धान्य मागते आणि सारे गाव हात आखडते. शाप खरा की खोटा ते सोडून द्या. कथा सांगणाऱ्या बायकांना हे ठाऊक होते की बाईच्या तोंडचा घास हा गावाच्या नीतीचा प्रश्न आहे.

दयेचा खर्च कोणी भरायचा?

आता शहरातल्या दयाळू लोकांना दोन शब्द. तुमच्या कळवळ्याबद्दल शंका नाही. पण तुमच्या दयेचे बिल नेहमी आमच्या दारी येते.

आपल्या राळेगावच्या आणि पांढरकवड्याच्या जंगलात टी-१ वाघीण होती. शहरवाल्यांनी तिला अवनी म्हटले. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले. २ नोव्हेंबर २०१८ रोजी बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. ती दोन बछड्यांची आई होती म्हणून देशभर हळहळ झाली. तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी जाहीर संताप केला. त्यांच्याकडे खाते कोणते होते? महिला आणि बालविकास! त्या दोन वर्षांत कापूस वेचायला आणि सरपणाला जाणाऱ्या बायका जीव मुठीत धरून वावरात जात होत्या. त्याही कोणाच्या आया होत्या. वाघिणीला मारण्याच्या पद्धतीवर वाद असू शकतो. पण दया आईची असेल तर ती दोन्ही आयांची असली पाहिजे.

बैलाचे तेच झाले. गोहत्याबंदी राज्यात १९७६ च्या कायद्याने आधीच होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्या कायद्यात आले. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा घ्यायचा, ही कोरडवाहू शेतकऱ्याची जुनी रीत मोडली. बाजारात भाकड जनावराला गिऱ्हाईक उरले नाही. त्याला वैरण कोण कापते? पाणी कोण पाजते? घरची बाई. गाईला माता म्हणून दूध पिणारे आणि गाईला बाई म्हणून दूध सोडणारे, दोघांचे भांडण शहरात चालते. म्हातारा बैल मात्र दोघेही आमच्याच खुंट्याला बांधून जातात.

शेळीवर तर बोलूच नका. जमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, डेअरीचे खाते दीराच्या नावावर. खेड्यातल्या बाईजवळ स्वतःचे म्हणावे असे एकच जित्राब असते, ती शेळी. पोरगी आजारी पडली की बोकड विकते आणि दवाखाना करते, कोणाला विचारत नाही. त्या बाईला पशुहत्येचे पाप सांगायला येणाऱ्याने आधी तिच्या नावावर एक एकर लावून द्यावे आणि मग प्रवचन करावे.

आणि शाळेतले अंडे. नोव्हेंबर २०२३ पासून राज्यातल्या शाळांत पोषण आहारात आठवड्याला एक अंडे मिळू लागले. न खाणाऱ्याला केळे. घरी अंडे मुलाच्या ताटात जाते, शाळेत ते मुलीच्याही ताटात गेले. लगेच धर्माच्या आणि दयेच्या नावाने विरोध सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा पैसा बंद केला. ज्या मुलीने अंडे अजून नीट चाखलेही नव्हते तिच्या वतीने ते कोणी सोडले? तिला विचारले होते?

व्हीगनांचा माल आपल्याच वावरात

याचा अर्थ व्हीगन माणूस आपला शत्रू आहे असा कोणी घेऊ नये. कातडे, लोकर आणि रेशीम सोडणाऱ्याला कापूसच लागतो. मांस-दूध सोडणाऱ्याला तूर, सोयाबीन, शेंगदाणा, तीळ, जवस लागते. ज्वारी लागते. हे सगळे आपण पिकवतो. त्याने आपला माल मनापासून घ्यावा, आपण मनापासून विकू.

पण त्याने दोन गोष्टी डोळे उघडून पाहाव्यात. पहिली, कापूस म्हणजे रक्त न सांडलेले कापड, हा त्याचा समज. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली. त्यांच्या मागे राहिलेल्या बायका आजही तोच कापूस वेचत आहेत. दुसरी गोष्ट भावाची. २०२३ हे भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारीला 'श्री अन्न' म्हटले, बाजारात मात्र ज्वारीला श्री काही दिसली नाही. मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली आणि मुदती वाढवत नेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत चालवली. पाकिटात भरलेले वनस्पतीचे 'दूध' पुण्या-मुंबईत ज्या भावाने विकते, त्या भावातले सोयाबीनवाल्याच्या हाती काय येते, हे पुण्याच्या पोरींनी एकदा दुकानदाराला विचारावे. जनावराचा छळ दिसतो, तसा भाव पाडून माणसाचा केलेला छळही दिसला पाहिजे.

आणि भावांनो, हाच न्याय आपल्यालाही लावा. सरकार आपल्या मालाचा भाव पाडते म्हणून आपण रस्त्यावर उतरतो. घरात बाईच्या श्रमाचा भाव आपणच पाडतो. १९८६ साली चांदवडला लाखो बायका जमल्या त्या हेच सांगायला जमल्या होत्या. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात हजारो भावांनी घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन केली. ज्यांनी केली त्यांचे काही बिघडले नाही. ज्यांनी अजून केली नाही त्यांनी निदान ताटापासून तरी सुरुवात करावी.

मेळाव्यापुढे मागणे

ठराव मोठे नाहीत.

एक. घरात सगळ्यांनी एका पंगतीला बसावे. डाळ, दूध, अंडे, मटण, जे असेल ते आधी सारखे वाटावे आणि मग जेवावे. ज्याला जे नको त्याने ते आपल्या ताटातून काढून ठेवावे.

दोन. जनावर जी सांभाळते, दुधाचा आणि शेळीचा पैसा तिच्या खात्यावर जावा.

तीन. भाकड जनावर विकायचे की ठेवायचे हा निर्णय शेतकऱ्याचा राहावा. ज्यांना त्याची दया येते त्यांनी ते बाजारभावाने विकत घेऊन पोसावे.

चार. शाळेतल्या मुलीचे अंडे परत द्यावे. नको म्हणणाऱ्या मुलीला केळे द्यावे. दोघींनाही विचारावे.

माझी भाची परत जाताना सासूबाईंच्या पाया पडली. म्हणाली, "आजी, मी सोडलं ते चुकलं का?" म्हातारी म्हणाली, "नाही व माय. तुले पुरलं, तुवा सोडलं. चांगलं केलं." त्या दिवसापासून सासूबाईंना रात्री कपभर दूध द्यायला आम्ही लागलो. पहिले दोन दिवस त्यांनी ते नातवाला पाजले. तिसऱ्या दिवशी मी समोर बसून राहिले तेव्हा प्यायल्या. उद्या त्यांना वाटले तर त्याही सोडतील. पण ते त्यांनी ठरवलेले असेल.

भावांनो, मेळाव्याहून घरी गेलात की आज रात्री चुलीजवळ जाऊन एकदा बघा, शेवटी जेवणारीच्या ताटात काय आहे.